मळणीघर

आमच्या फिनलंडात अर्थसंकल्पाच्या बैठकीला रीही म्हणतात.
रीही म्हणजे मळणीघर.
शेकोटीच्या धगीवर राय वाळवायची, मग बडवायची,
अशी काजळी धरलेली लाकडी खोली.
आता मंत्री खांबांच्या दालनात जमतात,
कुणाच्या बाहीला काजळी लागत नाही.
धूर फक्त बाहेर, सिगारेट ओढत थांबलेल्या वार्ताहरांचा.

मी एकोणीस वर्षं चौथ्या मजल्यावर आहे.
वसंतात एकेका खात्याची मागणी येते, पेंढीसारखी बांधलेली,
आणि प्रत्येक पेंढी ओली असते.
ओली पेंढी वजनाला जास्त भरते,
हे इथल्या शिपायालाही ठाऊक आहे.
माझं काम वाळवण्याचं.

जुलैत सगळं शहर तळ्याकाठच्या झोपड्यांवर जातं,
रात्र उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरते,
आणि मी नि तूरे तोंडमिळवणी करत बसतो.
तूरे म्हणतो, बघ हिल्का,
या देशात निदान उजेडाची तूट नाही.

त्या उन्हाळ्यात मी हौकिनिएमीची फेरी वाळवली.
सात मिनिटांचं पाणी, एक तराफा, एक आर्मस दांडा धरायला,
पलीकडे छत्तीस माणसं.
आकडा एवढा लहान की त्याला स्वतःचं घर नाही,
दुसऱ्या आकड्याच्या ओसरीवर राहतो.
मी शेरा लिहिला:
पुलावरून वळसा एकोणचाळीस किलोमीटर. सुसह्य.

पलीकडच्या काठावर माझ्या बापाला पुरलंय,
हे शेऱ्यात लिहायची रीत नाही.

मळणी दोन दिवस चालली.
दुसऱ्या रात्री साडेअकराला दार किलकिलं झालं,
कुणीतरी म्हणालं, अजून अकरा दशलक्ष हवेत, कुठूनही.
कुठूनही म्हणजे खालून, हे मी कधीच शिकले.
बाप सांगायचा, वारा दाणा आणि फोल वेगळं करतो.
खोटं.
सूप कुठे धरायचं ते हात ठरवतो.

बाप आणखी एक सांगायचा:
पोटाला आधी नाही, बियाण्याला आधी.
मी आमच्या जाडजूड पुस्तकात बियाण्याचं पान शोधलं.
व्याजाचं पान सापडलं.
ते दर वर्षी एका बोटाने रुंद होतं
आणि त्यावर कुणी भांडत नाही.

शरदात पुस्तक संसदेत गेलं,
समितीने तज्ज्ञ बोलावले, त्यांना ऐकलं, त्यांचे आभार मानले.
डिसेंबरात नाताळची खिरापत वाटली:
एका गावाला सायकलवाट, एका संग्रहालयाला छप्पर.
फेरी त्या यादीत नव्हती.

मग मतदानाचा आठवडा.
मी गॅलरीत बसले होते, लोकरीचे मोजे घालून.
विरोधी बाकावरची ओनेर्वा रात्री पावणेदोनला उठली
आणि रिकाम्या खुर्च्यांना तीन मिनिटं फेरीबद्दल सांगत राहिली.
माझाच शेरा तिने मोठ्यांदा वाचला.
सुसह्य, ती म्हणाली, आणि थांबली.
इतकी थांबली की लघुलेखिकेने मान वर केली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली, सगळे धावत आले,
हो, नाही, कोरं.
एकेका दुरुस्तीला काही सेकंद,
पाव चावता चावता दाबलेली बटणं.
फेरी पडली सत्त्याण्णव विरुद्ध एक्क्याऐंशीने.
एकविसाव्या मिनिटाला सभापती पुढच्या पानावर होते.

नवं वर्ष लागलं, आकडे अंमलात आले,
आणि हौकिनिएमीत काहीच झालं नाही.
तळं गोठलेलं.
लोक बर्फावरून गाड्या घेऊन जातात, येतात,
दळण, टपाल, सुईण.
एप्रिलपर्यंत बर्फ आमचा निर्णय झाकून ठेवेल.

काल मी आर्मसला फोन केला. का केला, ते त्याने विचारलं नाही.
सकाळीच भोक पाडून मोजलंय, म्हणाला,
एकतीस सेंटिमीटर.
मी सवयीने कागद ओढला, आकडा लिहिला,
शेऱ्याची जागा
अजून कोरी आहे.