डाव्या तळव्याची यादी

मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघतेय.
त्यात एक पान: आजवरचे आपले पाच पिचर.
ते माझ्याकडे आलं,
कारण स्कोअरबुकं नाग नदीच्या पुरात भिजून लगदा झाली
आणि तेवीस वर्षं प्लेटमागे उकिडवा
मी बसलो होतो.

सेक्रेटरी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर म्हणाला,
'भाऊ, दहाच ओळी लिवा बरं. फोटो असन तर द्या.'

फोटो नाही. हा डावा हात आहे.

तर्जनी मधल्या पेराला वाकडी, ती शालिक धापोडकरची.
गोळीबार चौकातला विणकर.
दिवसभर धोटा फेकायचा, संध्याकाळी चेंडू,
दोन्ही एकाच रेषेत.
तो असला की मी मिटमध्ये
सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून बसायचो.
तरी रात्री घास उजव्या हातानेही धरवायचा नाही,
इतकं डावं अंग ठणकायचं.

जमील अन्सारीची खूण हातावर नाहीच.
त्याच्या चेंडूला वेगच नव्हता.
निघतो, निघतो म्हणत दारात थबकणारा पाहुणा असतो ना,
तसा यायचा,
आणि बॅट फिरून गेली की
पायरी उतरायचा.
मोमिनपुऱ्यातली पोरं झाडावर बसून हसायची.
हसू बॅटवाल्याला.

रेल्वे कॉलनीतला सिरिल डावखुरा.
सहाव्या डावानंतर त्याला ड्युटी.
तो शर्ट बदलून सायकलवर टांग टाकायचा
तेव्हा आपण पुढे असायचो,
इंजिनाची शिट्टी ऐकू येईस्तोवर मागे.
त्याच्या नावावर जीत लागली नाही.
हारही नाही.
असल्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवतात?

चौथं नाव सेक्रेटरीने पेन्सिलने आधीच लिहिलंय,
नगरसेवकाच्या भाच्याचं.
राहू दे. बरा होता पोरगा.
सामना रद्द झाला तर फारच बरा.

आता मोरेश्वर बोकडे.

त्याचं नाव कोणीच सुचवलं नाही.
ठेल्यावर नुसतं निघालं तरी
जुनी माणसं चमचा खाली ठेवतात:
'भंडाऱ्याची फायनल त्यानंच घालवली न बे.
खूण पायलीच नाही त्यानं.'

नववा डाव. दोन बाद. तिसऱ्या बेसवर माणूस.
एप्रिलचं ऊन, मास्कच्या जाळीचे चटके गालांवर.
मांड्यांच्या आडोशाला मी बोटं दाखवली.
मोरेश्वरने चेंडू अंगठ्याने फिरवला,
एकशे आठ टाके, जपाची माळ ओढावी तसा,
मान हलवली, टाकला.
चेंडू वळून माझ्यासमोर धुळीत पडला
आणि माझ्या पायांतून मागच्या कुंपणाला.
मी सरळ चेंडूसाठी हात वर धरून बसलेला.

एक बोट म्हणजे सरळ.
दोन म्हणजे वळणारा.

मी दोन दाखवली होती.

डोक्यात एक होतं, हाताने दोन केली.
हे मला कुंपणाकडे धावतानाच कळलं होतं.

तंबूत सगळे त्याच्यावर तुटून पडले.
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.
मी बुटाची लेस सोडत होतो,
नाडी एक, गाठी किती.
पुढच्या हंगामात तो आलाच नाही.
कोराडीला राखेच्या बंधाऱ्यावर लागला, असं कानावर आलं.
एकतीस वर्षं.

म्हणून यादी खालून वर लिहिली आहे.
भाचा पाचवा. सिरिल, जमील, शालिक.
सगळ्यात वर मोरेश्वर.

सेक्रेटरीने कागद उलटसुलट पाहिला.
'भाऊ, याची काही आकडेवारी?'
लिही:
खुणा पाळल्या, सगळ्या.
चुकीचीसुद्धा.
आणि खाली माझं नाव टाक, बारीक टाइपात नको.

त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे.
लावला नाही.
स्मरणिका पोस्टाने जाणार आहेत म्हणे,
तर एक पत्ता लिहून दिलाय, पिनकोडसकट,
आणि पोराला दोनदा वाचून दाखवायला लावला.