एक ते पाच

दापोलीच्या दवाखान्यातली पोरगी
कागदावरून डोळे न उचलता विचारते,
गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे
किती वेळा रात्री जाग आली?
एक ते पाच आकडे आहेत मावशी,
एकावर खूण करायची.

मी हर्णैची चंद्रकला पावसे.
तीस वर्षं ओल्या वाळूवर उभी राहून
आकडेच ओरडले.
समुद्राच्या आवाजावरून आवाज टाकत
दोन हजार, सव्वादोन, अडीच,
एका दमात सुरमईची अख्खी पाटी विकायचे.
एका दमात.
त्या शब्दाला पुढे फक्त एक काना लागला.

व्यवसाय, तिनं विचारलं.
मी सांगितलं.
तिनं गृहिणी लिहिलं.

लोकांना वाटतं, हवा आत जात नाही.
तसं नसतं.
आत जाते, बाहेर यायची वाट बुजते.
भरल्या होडीत आणखी एक जाळं ओढावं
आणि काठ पाण्याला टेकावा, तसं.
मानेच्या शिरा दोरखंडासारख्या,
तीन शब्दांवर वाक्य संपतं.
पंप. कुठाय. खिडकी.

शिमग्याला होम पेटला
आणि वारा नेमका आमच्या आळीकडे वळला.
पंप दाबून दाबून अंगठा दुखला.
मग अब्बास मुकादमाची रिक्षा,
आसूदची वळणं,
मी पुढची दांडी धरून ओणवी,
नवऱ्याचा हात पाठीवर,
नको होता तिथंच, पण काढ म्हणायला हवा कुठली.
अब्बास एक शब्द बोलला नाही.
रिकाम्या रस्त्यालाही हॉर्न देत राहिला.
तुझे ओठ निळे पडलेले, नवरा नंतर म्हणाला,
कुर्लीच्या नांगीसारखे.
आणि स्वतःच ओशाळला.

हे कुठल्या आकड्यात बसवू?

सोडे वाळवायचं सोडलं त्याचं
महिन्याला किती तुटलं, ते कागदावर नाही.
जाऊ फोडणी द्यायची असली
की आधी आमचं दार ओढून घेते,
आणि जेवायला बोलवायची हळूहळू बंद झाली,
तेही नाही.
हसू आलं तर आधी हिशेब करते, परवडेल का.
चार उश्यांवर बसून झोपते.
मी खोकत असले की नवरा निवांत पडून असतो.
खोकला थांबला की दचकून उठतो.
आणि त्रिशा, माझी नात, चार वर्षांची,
बाहुलीला पंप देते.
हलव, दाब, धरून ठेव, दहा मोज.
दहापर्यंतचे आकडे तिला
बालवाडीत नाही शिकवावे लागले.

पंपाच्या पाठीला एक बारकी खिडकी असते.
एकशेवीस होते, आज सदतीस.
माझ्या लिलावात आकडा चढायचा.
हा उतरता लिलाव,
आणि बोली कोण लावतंय
ते दिसत नाही.

तीनवर खूण केली.
बरं आहे की मग, पोरगी म्हणाली,
आणि पान उलटलं.

संध्याकाळी बंदरावर गेले.
घरापासून विजेचे सहा खांब,
दुसऱ्याला आणि पाचव्याला टेकून.
आता प्राजक्ता उभी राहते माझ्या जागी.
बरी ओरडते. पण घाई करते,
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते, माशाकडे नाही.
डोळे बघ ना त्या सुरमईचे,
आताच पाण्यातून वर आल्यासारखे,
आणि ही साडेतीन हजारांवर सोडायला निघाली.

मी नाकावरचा पदर काढला.
चार, म्हटलं.

ऐकू गेलं.
दोन-तीन माना वळल्या,
प्राजक्तानं हात तसाच वर धरला,
आणि पाटी चारला गेली.

मग उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत
अंधार पडेपर्यंत
तो एक शब्द फेडत बसले.