बेचाळीस नग

इवोनीबाईंनी त्या दिवशी बेचाळीस नग नाकारले.
शिरोलीच्या शेडमध्ये, दुपारी साडेतीनला,
टॉर्च मारून एकेक हाउसिंग पालथं करत
लाल खडूची फुली, पुन्हा लाल खडूची फुली.
आत बुडबुड्यांची भोकं. साच्यात ओल राहिली होती.
साचा माझा होता.

मी काही बोललो नाही. चहा आणला.
कप हातात फिरवत त्या बराच वेळ बसल्या,
मग रिजेक्शनचा कागद उलटा केला
आणि त्याच कपाचं चित्र काढलं.
दोन कप मैदा. दोन साखर. एक कोको. एक तेल.
तीन गोल, ती अंडी.
एक चमचा, त्यात टिंबं, ती पावडर.
आणि सगळ्यात खाली एक कप,
त्याच्यावर वाफेच्या तीन नागमोडी रेघा.
ब्राझीलला त्यांच्या घरी रविवारी हाच केक असतो म्हणे.
इंग्रजी दोघांचंही मोडकं,
पण मापं घेणाऱ्याला माप कळतं.

पाच महिने तो कागद डब्याच्या पिशवीत होता.
आज सोमवारची सुट्टी.
घरात ओव्हन नाही, म्हणून म्हटलं कुकर, खाली वाळू.
"कारखान्याची वाळू माझ्या कुकरात घातलासा तर बघा,"
अनुसया म्हणाली.
मग खडेमीठ, किलोभर.
शिट्टी काढली, रिंग काढली,
तळाशी मीठ पसरून तळव्यानं दाबलं,
नको तितकं सपाट, सवयीनं.
डब्याला आतून तेल, वर मैद्याची धूळ.
आम्ही साच्याला ग्रॅफाइट मारतो, तसंच.

कोको लक्ष्मीपुरीत मिळाला.
"ही तर तुमच्या शर्टावरची काजळी,"
ती म्हणाली, आणि बोट चाखून तोंड वाकडं केलं.

पाणी उकळलं तेव्हा माझा हात थांबला.
तेवीस वर्षं नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली,
पाणी आणि रस एका जागी येऊ द्यायचे नाहीत.
यशवंत चौगलेच्या उजव्या हाताला
कोपरापासून मनगटापर्यंत जी गुळगुळीत चकाकी आहे
ती एका ओल्या लॅडलची आहे.
आणि इथं बाई सांगतात, शेवटी उकळतं ओत.

"ओता की," अनुसया म्हणाली. "मैदा हाय त्यो."

ओतलं. तोंड जरा मागं घेऊनच.
काही झालं नाही.
पीठ पातळ झालं फक्त, आमटीसारखं,
चमच्यावरून धार सुटून खाली.
वाटलं, गेला. हा त्रेचाळिसावा.

पाऊण तास मंद आच.
झाकण उघडायचं नाही, हे मला अवघड नव्हतं.
वास मात्र जिन्यानं खाली उतरला
आणि शेजारच्या घाटगेंचा ऋतुराज वर आला,
पिवळी जर्सी, गुडघ्याला मैदानाची माती.
"काका, ब्राझीलचा हाय व्हय?"
मागच्या वेळी ब्राझील हरलं तेव्हा
हा दोन दिवस जेवला नव्हता.
त्याला बसायला पाट दिला.

मग थंड होऊ द्यायचा.
लोक नेमके इथं चुकतात,
घाईनं साचा फोडतात, आतलं अजून जमलेलं नसतं.
तोवर दूध, साखर, कोको, लोण्याचा गोळा
एकत्र आटवून घेतले,
काट्यानं वर टोचे मारले, गरम ओतलं.
ते गपकन आत शिरलं,
तहानलेल्या जमिनीसारखं नाही,
खोलगट भागात रस शिरतो तसं, कडा शोधत.

सुरी घातली.
आत भोकंच भोकं.
लहान, मोठी, दोन तर बाजरीच्या दाण्याएवढी.
मी तुकडा खिडकीशी धरला,
डोळ्यांनी मोजायला लागलो,
हात खिशात खडू चाचपत होता.

अनुसयेनं वाकून बघितलं.
"जाळी काय छान पडलीय ओ," ती म्हणाली.

ऋतुराजचं तोंड भरलेलं होतं, त्याचं मत विचारलं नाही.
ती कागद उचलून, तेलाचा डाग पुसत,
"ह्या बाजूला काय लिवलंय?"

हिशोब, म्हणालो.

आणि एक तुकडा यशवंतसाठी बाजूला काढला,
कडेचा, त्याला कडेचा आवडतो.
मीठ अजून गरम आहे.