चुका

दाराच्या खालच्या अंगाला बोटभर पट्टी,
तिला सात चुका.
गंजलेल्या, मान मोडलेल्या,
दोन तर तिरक्याच घुसवलेल्या.
कोण हा गाढव, मी म्हटलं
आणि पक्कड लावली.

वेलदूरचं हे घर मी फंडाच्या पैशांत घेतलं,
डेपोतून मोकळी झाल्यावर.
जांभ्याच्या भिंती धड होत्या. बाकी सगळं
अगोदरच्या माणसाने दुरुस्त केलेलं.
न्हाणीच्या पन्हळीला सायकलची ट्यूब.
फुटक्या कौलाखाली खोबरेलच्या डब्याचा पत्रा,
त्यावरचा नारळ अजून अर्धा हिरवा.
चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ.
चुना सिमेंटला धरत नाही, हे मला मोबाइलवर कळलं,
त्याला कोण सांगणार होतं?
तरी रोज संध्याकाळी हात धुताना
मी त्याला एक नवी शिवी देत असे.
एसटीत शिकलेल्या होत्या, पडून होत्या.

दाराची खालची फळी कुजली होती.
नवी आणली. मापली, लिहिलं, कापली.
दोन सूत आखूड.

एकोणतीस वर्षं सुटे पैसे मोजले,
शृंगारतळीच्या बाजाराला उभ्याने तिकिटं फाडली,
रुपया इकडचा तिकडे झाला नाही,
आणि दोन सूत!
पालथी पडून पाहिलं तर फटीतून खाडी दिसत होती,
धोपाव्याहून निघालेली फेरीबोट दिसत होती.
दुसरी फळी आणायची तर त्याच बोटीने दाभोळ,
आणि दुकानदाराचं ते हसू.

माप पडताळायला जुनी फळी उलटी केली.
आतल्या बाजूला पेन्सिल.
एकतीस वजा साडेचार.
उत्तर: सव्वीस.
खाली रेघ, दोनदा, दाबून,
खात्रीच्या माणसाची.

मग कमी पडलेला अर्धा इंच,
मग ती पट्टी. उजेडात धरली तेव्हा दिसलं,
होडीचं लाकूड. काठाला ओळीने भोकं,
एकात काथ्याचा तंतू अजून.

कुंपणापलीकडून सकीना म्हणाली,
"धाकू तांडेल. सुतार कुठला तो?
होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत
हात स्वस्थ बसायचे नाहीत त्याचे.
घर सापडायचं मग तावडीत."

पायरीच्या चिऱ्यावर बसून
मी वाकड्या चुका सरळ करत राहिले,
एकेक ठोका, मध्ये अंगठा.
सातांतल्या पाच वाचल्या.
तीच पट्टी रंध्याने दोन सूत तासली
आणि फळीखाली ठोकली.
पाच चुका त्याच्या, दोन माझ्या.

दार घासतंच. लाथ लागते.
वैशाख अर्धा गेला, कौलं परतायची राहिलीत,
शिडी कुणाची मागावी ठरत नाही.
शिव्या मी थांबवलेल्या नाहीत.
आता नाव घेऊन देते.