नॉर्मल रेंज

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत
बावीस वर्षं मी या गावाचं रक्त बघतोय.
बाबी तारीचं, त्याच्या थोरल्याचं,
हमीदा सोलकरचं,
जेटीवरच्या परमुलखातल्या खलाशांचं,
ज्यांची आडनावं मला अजून नीट लिहिता येत नाहीत.
नळी हलवायची, चिठ्ठी चिकटवायची, आकडा लिहायचा.
आकड्याच्या शेजारी मर्यादा छापलेलीच असते:
इथपासून इथपर्यंत माणूस बरा.

यंदा शिमगा झाल्यापासून जो तो तेच सांगत येतो.
"तीनाक जाग येता. मगे डोळ्याक डोळो नाय."
छातीत धडधड. बोटं बधिर.
साखर ठीक. थायरॉइड ठीक.
डॉक्टरबाई पिवळी गोळी लिहून देतात
आणि बाबी चिठ्ठीची घडी घालत विचारतो,
"म्हंजे माझाच कायतरी बिघाडला?"

तीन वाजता समुद्रात दिवे असतात.
बारा वावांच्या आत, मोठ्या बोटींचे, पांढरेफटक,
इतके की वाडीतले कोंबडे फसतात.
तीन वाजता बँकेचा मेसेज येत नाही,
तरी फोन उलटा करून बघितला जातो.
हे मी कुठे लिहू?
रजिस्टरात नाव आहे, वय आहे, तक्रार, निदान.
गावासाठी ओळ नाही.

बाईंना एकदा म्हणालो, गावच आजारी आहे.
त्या हसल्या नाहीत.
"गावाला नाडी नसते, तांबे.
आणि न पटणाऱ्याला आजारी म्हणायची
माणसांची खोड फार जुनी आहे.
माझी आत्या नवरा गेल्यावरही खदाखदा हसायची,
तर तिला उतारा घातला होता. तिन्हीसांजेला. तीन वेळा."
मी गप्प बसलो.

पण मग ही मर्यादा कोण आखतं?
निरोगी माणसं घेतात म्हणे, शेकड्याने,
त्यांच्या रक्तावरून दोन काठ ठरवतात.
आणि शंभरातली नव्वद तीनला टक्क जागी असली तर?
जागणं नॉर्मल म्हणून छापून येईल,
उरलेल्या दहांना मी लाल शाईने गोल करीन,
घोरणाऱ्यांना.

पूर्वी बरं होतं, असंही मला म्हणवत नाही.
रापणीच्या दोराला हात लावील त्याला वाटा,
पांगळ्या सावळोला नुसत्या ओरडण्याचा वाटा,
हे सगळे सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात.
आमच्या वाडीची टोपली आली की
मासळी वरून टाकायचे,
टोपलीला बोट न लागू देता.
हे कोणी सांगत नाही.
टोपली माझ्या आईची होती.
त्या दिवसांचा काठ धरून
आजचं रक्त मोजायला माझा हात धजत नाही.

गेल्या मंगळवारी लाइट गेली.
मशीन थांबलं, चौदा नंबरवर.
टॉवरही गेला, तसे बाकावरचे अकरा जण
हातातल्या काळ्या काचांतून मान वर काढून
एकमेकांकडे बघायला लागले.
हमीदाने बाबीच्या बायकोला विचारलं,
"तू कित्याक इलंस?"
"झोप नाय गो."
"तुका पण?"
पलीकडून कोणीतरी: "तुमका पण?"
दाराशी उभा असलेला खलाशी, कोणी न विचारता:
"अपना भी."

पण.
किती वेळा लिहिला असेल हा शब्द मी.
याच्या एका अंगाला 'सुद्धा' आहे
आणि दुसऱ्या अंगाला 'थांबा, हे असं नाही'.
कोणाच्या रक्तात नव्हता तो.
बाकावर होता, दोघींच्या मधल्या जागेत.
निदानाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिला,
खोडता यावा म्हणून.

लाइट आली. पंखा कुरकुरला.
मी चौदा झाल्यावर पंधरा पुकारला,
दोनदा पुकारला.
पंधरा नंबर हमीदाचा.
ती उठली नाही.
बोटांवर घरं मोजत होती.