काउंटरमागे, रात्रीची पाळी

डुलूथमध्ये जानेवारीत कुणाला नाक नसतं.
म्हणजे असतं, पण चोंदलेलं,
मफलरच्या तीन वेढ्यांत लाल होऊन बसलेलं.
सरोवरावरून वारा सुटतो
आणि गावातला जो तो माझ्या काउंटरशी येऊन
एकच शब्द ठेवतो: कोल्ड.

एवढ्यात यांचं भागतं.
माझ्याकडे पडसं आहे, ढास आहे, कणकण आहे,
घसा धरणं वेगळं, बसणं वेगळं,
छातीत घुरघुरणारा कफ तर वेगळाच.
कुणाला काय द्यायचं ते बारा वर्षांनंतरही
मी मराठीत ठरवते
आणि लेबल इंग्रजीत चिकटवते.

पावणेदहाला वेन किवेला आला.
भुवयांवर बर्फ. एका हातात खोकं, दुसऱ्यात बाटली.
"यातलं कुठलं हिला संपवतं?"
"एकही नाही," मी म्हटलं.
माझाही घसा बसलेला,
त्यामुळे दुकानाचं गुपित फोडल्यासारखं वाटलं.

संपवायचं ते तुमचं शरीर संपवेल,
त्याच्या सवडीनं, आठवड्याभरात.
तोवर दिवस ढकलायला मी.
खोक्यात आणि बाटलीत तापाचं औषध एकच आहे,
दोन्ही घेतलीत तर यकृताला दुप्पट बिल.
डोक्यात एक थर्मोस्टॅट असतो ना,
आजारपणात त्याचा काटा वर सरकतो,
ही गोळी तो खाली आणते. बास.
आणि बाटलीत झोपही आहे.
काम काय करता?

"प्लाउ चालवतो. बाराला निघायचंय."

प्लाउ म्हणजे नांगर, माझ्या मनानं लगेच भाषांतर केलं,
इथे त्यामागे कुणी काही पेरत नाही तरी.
बाटली मी काढून घेतली.

नाक शेंबडानं चोंदतं त्याहून सुजेनं जास्त.
आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात,
भिंत भिंतीला टेकते, वारा अडतो.
त्यांना आवळणारी गोळी माझ्या पाठीमागे, कपाटात.
लायसन्स दाखवा, इथे सही करा.
लोक तिच्यातून भलतंच शिजवतात.
"मी फक्त वाटाण्याचं सूप शिजवतो," वेन म्हणाला
आणि हसताना त्याला अशी ढास लागली
की शेल्फवरच्या चॉकलेटांनी मान वळवली असती.

रक्तदाब?
"बायको म्हणते, तिच्यामुळे वाढतो."
कोपऱ्यातल्या यंत्रावर बसवलं त्याला.
पट्टा फुगला, सुटला. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.
बायको निर्दोष.

पिशवी उचलून तो तिथेच थांबला,
विचार करताना तोंडानं श्वास घेत.
"म्हणजे बर्फ पडायचा तेवढा पडणार.
तुम्ही रस्ता उघडा ठेवणार."
हो.
"हे तर माझंच खातं."

शिकवणीत मला कुणी हे इतकं नीट सांगितलं नव्हतं.

घरी मधाचा चमचा चाटला, दोन उशा घेतल्या.
मीही तीच गोळी घेतली होती, रात्रीची घेऊ नये ती,
त्यामुळे नाक मोकळं आणि डोळे टक्क.
तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पिवळा दिवा फिरला,
पातं डांबरावर खरखरत गेलं,
कुणी मोठ्यानं घसा साफ करावा तसं,
चढावर जरा अडून, पुन्हा.
तो असेल किंवा त्याच्या खात्यातला दुसरा कुणी.
खोकल्याचा आवाज एवढ्या लांबून येत नाही.

सकाळी रस्ता काळाभोर, मोकळा,
आणि माझ्या गाडीसमोर, फाटकाच्या तोंडावर
प्लाउनं सारून ठेवलेला कंबरभर बर्फाचा बांध.
साइड इफेक्ट.
खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच,
वाचत कुणी नाही.
फावडं घेतलं, नाक पुसलं,
कडेकडेनं उकरायला लागले.