आपोआप उघडणारं पान

एप्रनच्या उजव्या खिशात पुस्तक,
डाव्यात मोबाईल.
उजवा खिसा दोनदा उसवला, दोनदा शिवला.
डाव्याची शिवण अजून कोरी आहे.

पुस्तक तळहाताएवढं. आधी विजया बेंडकोळीचं,
तिच्याआधी कुणा एस. पगारेचं,
त्याआधीचं नाव स्पिरिटनं पुसून गेलंय.
मला ते पडलं दीडशे रुपये आणि एक मिसळ,
सीबीएससमोर, उभ्याउभ्या.
विजया म्हणाली, कव्हर सांभाळ, आतलं टिकाऊ आहे.

आतलं म्हणजे छापलेलं नव्हे.
डिगॉक्सिनखाली निळ्या पेनानं: आधी नाडी.
साठच्या खाली असेल तर थांब, सिस्टरला सांग.
पोटॅशियमभोवती लाल चौकट:
थेट शिरेत कधीच नाही. कधीच नाही.
दुसरं 'कधीच' इतकं दाबून लिहिलेलं
की मागच्या पानावर पॅरासिटामॉल वाचतानाही
ते बोटाला लागतं.

मोबाईल हुशार आहे, खोटं कशाला बोलू.
नाव अर्धं टाकलं की पूर्ण करतो,
किलोला किती ते गुणून देतो,
पुस्तक छापलं तेव्हा जन्मालाही न आलेली औषधं
त्याला तोंडपाठ.
पण वॉर्डात तो काढला की
अकरा नंबर कॉटची सून जावेला म्हणते,
बघ, पोरगी व्हॉट्सअ‍ॅपवर.
आणि पुस्तक काढलं की तीच म्हणते,
बघ, हिला काही येत नाही.

साळवे सिस्टर शरणपूरच्या. अठ्ठावीस वर्षं नोकरी,
दोन्हींवर सारखाच अविश्वास.
तीनदा वाच, म्हणतात. उचलताना, भरताना, ठेवताना.
कशात वाचलंस, हे पेशंट विचारतो का?

छाटणीनंतरचे दिवस. रात्री सव्वादोनला
दिंडोरीकडून एकाला आणलं.
दिवसभर बागेत फवारणी, तोंडाला नुसता रुमाल.
अंगाला लसणासारखा वास, ओठांवर फेस,
बनियन पिळून काढावं इतकं ओलं.
नाव काय?
कचरू गांगुर्डे, बायको म्हणाली,
आणि त्याच्या चपला छातीशी धरून
भिंतीला लागून उभी राहिली.

डॉक्टरांनी डोस सांगितला. सिस्टर नस शोधायला वाकल्या.
वर न बघताच मला: अ‍ॅट्रोपिन. ताडून बघ. मोठ्यानं वाच.

माझे हातमोजे ओले. काच बोट ओळखेना.
एकदा. दोनदा. मग म्हणाली,
तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा.

पुस्तक ट्रॉलीवर टाकलं
आणि ते आपणहून उघडलं.
अ‍ॅट्रोपिन.
मी शोधलं नव्हतं.
किती छाटण्या, किती सव्वादोन,
कुणाकुणाच्या अंगठ्यांनी
तेच पान दाबून धरलं असणार,
बांधणीलाच सवय लागली होती.
आमच्या जिल्ह्यात द्राक्षं पिकतात
हे त्या पुस्तकाच्या कण्याला माहीत होतं.

वाचलं. सिस्टर म्हणाल्या, बरोबर, दे.
मग कोरड्या हातानं त्यांनी माझाच मोबाईल उचलला,
कुलूप न काढताच टॉर्च लावली,
वॉर्डाच्या टॉर्चचे सेल सोमवारपासून संपलेले.
बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.
त्याच उजेडात, त्याच घड्याळावर
आम्ही पुन्हा पुन्हा बघत राहिलो.
चारच्या सुमाराला त्या जराशा उमलल्या.

सकाळी हँडओव्हर झाल्यावर, चहा निवत असताना
मोबाईल उघडून ते पान ताडलं.
एका ओळीत फरक निघाला.
पुढच्या डोसांमधलं अंतर केव्हाच बदललंय.
सिस्टरना दाखवलं.
माहीत आहे, म्हणाल्या,
म्हणून तर मी तिथं होते.

पेन्सिलनं बारीक लिहिलं: नवं अंतर, आजची तारीख.
खाली जागा उरली म्हणून आणखी एक ओळ:
मोजे ओले असतील तर घाबरू नकोस, पुस्तक टाक.

पहिल्या पानावर विजयाच्या नावाखाली
बोटभर जागा आहे.
तिथं लिहावं की नाही, ठरवत होते,
तेवढ्यात गांगुर्डेची बायको दारात आली.
ताई, म्हणाली,
चपला आता खाली ठेवू का?